वाढीचे वचन आणि तंबूच्या मेखा

शास्त्रपाठ : यशया ५४ : १-१४; प्रेषितांची कृत्ये ६ : १-७



पुनरुत्थान जागरणाच्या रात्री आपण हातात मेणबत्ती घेऊन जुन्या करारातील वाचने ऐकतो. त्यांतील चौथे वाचन संदेष्टा यशया याच्या ५४व्या अध्यायातले आहे. तोपर्यंत लहान मुले पेंगुळलेली असतात, मोठ्यांचे लक्ष घड्याळाकडे जाऊ लागते आणि वेळेअभावी पुष्कळदा हे वाचन गाळलेही जाते. शिवाय ते सुरू होते पाचव्या ओवीपासून. त्याआधीच्या चार ओव्या आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यातील गुरुवारी वाचल्या जातात, त्याही तो गुरुवार १७ डिसेंबरच्या आधी आला तर. त्यामुळे रविवारच्या मिस्साला येणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या कानांवर त्या कधी पडलेल्याच नसतात.

त्याच ओव्यांमध्ये वाढीचे एक मोठे वचन आहे. त्या वचनाबरोबर एक कामही सांगितले आहे. वचन आपल्याला आवडते, कामाचे काय करायचे याचा विचार मात्र आपण टाळतो. म्हणून आजच्या अभ्यासासाठी आम्ही हा अध्याय निवडला आहे. घरातील बायबल जवळ घ्या, यशयाचा ५४वा अध्याय उघडा आणि आधी तो शांतपणे एकदा वाचून काढा. मग पुढचे वाचा.

वचन कोणाला मिळाले?

इ.स.पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम नगरी उद्ध्वस्त केली. शलमोनाने बांधलेले मंदिर जळाले, राजा कैद झाला आणि लोकांतील पुष्कळांना बाबेलला नेण्यात आले. जवळजवळ पन्नास वर्षे ते परक्या मुलुखात राहिले. इ.स.पूर्व ५३९ मध्ये पर्शियाचा राजा कोरेश याने बाबेल जिंकले आणि पुढच्या वर्षी यहुद्यांना मायदेशी परतण्याची मुभा दिली. यशयाच्या ग्रंथातील ४० ते ५५ हे अध्याय या बंदिवासाच्या अखेरच्या काळातले आहेत, असे बहुतेक शास्त्रपंडित मानतात.

म्हणजे हे वचन ज्यांना दिले गेले ते लोक वाढत नव्हते, घटत होते. म्हातारे परक्या मातीत पुरले जात होते. तरुणांना यरुशलेम कसे होते हेही ठाऊक नव्हते. संदेष्टा त्या नगरीला मूल न झालेल्या स्त्रीची उपमा देतो. त्या काळी अशा स्त्रीला किती बोल ऐकावे लागत, हे आपल्या समाजातल्या बायकांना वेगळे सांगायला नको. आणि या स्त्रीला परमेश्वर काय सांगतो? रडणे थांबव आणि गाणे गा. कारण तुझी लेकरे इतकी होतील की आहे तो तंबू तुला पुरणार नाही.

आधी गाणे आहे आणि लेकरे नंतर आहेत, हे लक्षात घ्या. वचन पुरे होण्याआधीच आनंद करायचा आहे आणि वचन पुरे होण्याआधीच तयारीही करायची आहे. पाहुणे दारात आले म्हणजे मग सतरंजी शोधू, असे परमेश्वर म्हणत नाही.

हे वचन एकदम आकाशातून पडलेले नाही. त्याच्या आधीचा ५३वा अध्याय दुःख सोसणाऱ्या सेवकाचा आहे. तो आपण शुभ शुक्रवारी ऐकतो. सेवक इतरांचे अपराध आपल्या शिरावर घेतो, तो चिरडला जातो आणि मग लगेच पुढच्या अध्यायात वांझ स्त्री गाऊ लागते. वाढ सेवकाच्या बलिदानातून येते. आपण ख्रिस्ती लोक तो सेवक प्रभू येशूमध्ये ओळखतो. संत पौलानेही गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (४ : २७) याच अध्यायाची पहिली ओवी घेऊन देवाच्या नव्या प्रजेविषयी शिकवले आहे.

तंबू आणि त्याचे दार

इस्राएल लोक बंदिवासापूर्वी कित्येक शतके घरांत राहत होते. मग संदेष्टा तंबूची भाषा का करतो? कारण तंबू म्हटला की त्यांना अब्राहाम आणि सारा आठवत. सारेलाही मूल नव्हते. उत्पत्तीच्या १८व्या अध्यायात अब्राहाम मम्रे येथील झाडांपाशी, भर दुपारच्या उन्हात तंबूच्या दाराशी बसलेला दिसतो. तीन अनोळखी माणसे समोर उभी राहतात. तो म्हातारा माणूस धावत सामोरा जातो, पाय धुवायला पाणी देतो, सारेला भाकरी करायला सांगतो, कोवळे वासरू कापायला देतो, दूध-दही पुढे ठेवतो आणि पाहुणे जेवत असताना झाडाखाली उभा राहतो. त्यानंतरच, पुढच्या वर्षी सारेला मुलगा होईल, हा शब्द त्याला मिळतो.

वाढीचे वचन ज्या तंबूत ऐकू आले, त्याचे दार अनोळखी माणसांसाठी उघडे होते. आपल्या पूर्वजांनी हा धडा चांगला गिरवला होता. दारी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय पाठवायचे नाही, ही आपल्या घरांची रीत आहे. घराची रीत चर्चचीही आहे का, हा प्रश्न मात्र आपण पुढे विचारणार आहोत.

चार कामे

दुसऱ्या ओवीत परमेश्वर चार कामे सांगतो. ज्याने वाडीत लग्नाचा मांडव घातला असेल त्याला ती लगेच समजतील.

पहिले काम, जागा मोकळी करणे. मांडव मोठा घालायचा तर आधी अंगण साफ करावे लागते. लाकडे, मोडकी खाट, जुन्या कुंड्या हलवाव्या लागतात. मनाचे अंगणही तसेच आहे. जुने हेवेदावे, पाटीलकी, आमचे घराणे आणि तुमचे घराणे हे सामान तसेच ठेवून जागा मोठी होत नाही.

दुसरे काम, कनाती ताणणे, आणि ते करताना हात आखडता न घेणे. त्या काळचे तंबू बकऱ्याच्या केसांच्या जाड, काळ्या कापडाचे असत. बायका त्या कापडाच्या लांब पट्ट्या विणत आणि पट्टीला पट्टी शिवून छत तयार होई. तंबू मोठा करायचा म्हणजे नवी पट्टी विणून जुन्या पट्टीला जोडायची. एकदा शिवली की ती नवी पट्टी पाहुणी राहत नाही, तीच छत होते. पाऊस तिच्यावरही पडतो आणि ताण तिलाही सोसावा लागतो. नव्या माणसाला चर्चमध्ये सामावून घेणे म्हणजे त्याला केवळ बाकावर जागा देणे नव्हे. त्याच्या खांद्यावर कामाचा वाटा देणे, त्याचे मत विचारणे हेही त्यात आले.

तिसरे काम, दोऱ्या लांब करणे. कनात रुंद झाली आणि दोरी तेवढीच राहिली तर मेखेपर्यंत ती पोहोचणारच नाही. दोरी म्हणजे माणसामाणसांतील संबंध. पूर्वी सारा गाव एका हाकेच्या अंतरावर होता. कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे विहिरीवर कळत असे. आता धर्मग्रामाची हद्द तीच असली तरी माणसे चौथ्या-पाचव्या मजल्यांवर विखुरली आहेत. जुनी दोरी तिथपर्यंत पोहोचत नाही, ती जाणीवपूर्वक लांब करावी लागते.

चौथे काम, मेखा घट्ट ठोकणे. हे काम कोणाला दिसत नाही, कारण मेख जमिनीत असते. पण मांडव जितका मोठा तितका त्यात वारा जास्त भरतो, आणि वारा भरला की सारा भार मेखांवर येतो. रोजची कौटुंबिक प्रार्थना, रविवारचा ख्रिस्तयाग, प्रायश्चित्त संस्कार, बायबलचे वाचन, मुलांचे धर्मशिक्षण या आपल्या मेखा आहेत. सण दणक्यात झाला, रोषणाई झाली, बँड वाजला आणि घरातली संध्याकाळची रोजरी मात्र टीव्हीपुढे हरवली, तर आपण कनात ताणली आणि मेखा उपटल्या असे होईल.

याच्या उलट चूक करणारेही आपल्यात आहेत. ते मेखाच ठोकत बसतात. आमची परंपरा, आमचे नियम, आमची भाषा, असे म्हणत ते कनात मात्र गुंडाळून ठेवतात. मेखा तंबूसाठी असतात. नुसत्या मेखांखाली कोणाला सावली मिळत नाही.

वचनाचा चुकीचा अर्थ

वाढीची वचने वाचताना तीन चुका सहज होतात.

पहिली चूक म्हणजे वाढीचा अर्थ केवळ आपली भरभराट असा घेणे. जुन्या घराच्या जागी बंगला झाला, मुलाला परदेशी नोकरी लागली, की देवाने वचन पाळले असे आपण म्हणतो. देवाचे आभार जरूर मानावेत. पण या अध्यायाची १३वी आणि १४वी ओवी पाहा. तेथे वाढलेल्या नगरीची खूण सांगितली आहे : तिची लेकरे परमेश्वराकडून शिकतात आणि ती न्यायावर उभी राहते. योहानाच्या शुभवर्तमानात (६ : ४५) प्रभू येशूने जीवनाच्या भाकरीविषयी बोलताना याच १३व्या ओवीचा आधार घेतला आहे. न्याय नसेल तर यशयाच्या मापाने ती वाढ नव्हे, सूज आहे.

दुसरी चूक म्हणजे वाढीचा अर्थ इतरांवर ताबा असा घेणे. तिसऱ्या ओवीत वंशजांनी राष्ट्रे ताब्यात घेण्याची भाषा आहे. ती वाचून कोणी असे समजेल की देवाने आपल्याला इतरांच्या डोक्यावर बसवले आहे. पण दोनच पाने पुढे, ५६व्या अध्यायात, परमेश्वर परदेशी माणसाला आणि समाजाने बाजूला टाकलेल्या नपुंसकालाही आपल्या घरात मानाची जागा देतो आणि आपले मंदिर सर्व लोकांसाठी प्रार्थनेचे घर असेल असे सांगतो. प्रभू येशूने मंदिराचे शुद्धीकरण केले तेव्हा हीच शिकवण लोकांसमोर ठेवली (मार्क ११ : १७). तंबू रुंद होतो तो इतरांना हुसकण्यासाठी नव्हे, आत घेण्यासाठी.

तिसरी चूक म्हणजे हात बांधून वाट पाहणे. देवाने वचन दिले आहे, तो पाहून घेईल! वाढ देव देतो हे खरेच आहे. संत पौल करिंथकरांना हेच शिकवतो : एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढ मात्र देवाने दिली (१ करिंथ ३ : ६ पाहा). पण लावणारा आणि पाणी घालणारा तेथे आहेतच. आपल्या वाडीतील केळीला कोंब फुटतो तो आपल्या हुकमाने नाही. म्हणून कोणी पाटाचे पाणी बंद करत नाही.

लोक परतले, पुढे काय?

कोरेश राजाच्या परवानगीनंतर लोक यरुशलेमला परतू लागले. एज्राच्या ग्रंथात परतलेल्यांची संख्या ४२,३६० दिली आहे. इ.स.पूर्व ५१५ च्या सुमारास नवे मंदिर पुरे झाले. त्याचा पाया घातला गेला तेव्हा तरुण जल्लोष करत होते आणि पहिले मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडत होते, असे एज्रा सांगतो (३ : १२-१३). त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, इ.स.पूर्व ४४५ च्या सुमारास, नहेम्या यरुशलेमला आला तेव्हाही नगर मोठे आणि माणसे थोडी अशीच स्थिती होती (७ : ४). शेवटी चिठ्ठ्या टाकून दहांतील एकाने नगरीत राहायला यावे असे ठरवावे लागले (११ : १). तंबू ताणलेला होता, पण तो भरायला पिढ्या लागल्या.

याहून गंभीर गोष्ट नहेम्याच्या ५व्या अध्यायात आहे. दुष्काळ पडला होता, राजाचा कर भरायचा होता. गरीब लोकांनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली. काहींना पोटची मुले गुलामीत द्यावी लागली. आणि घेणारे कोण होते? परके नव्हते, त्यांच्याच रक्ताचे, त्यांच्याबरोबर परतलेले श्रीमंत भाऊबंद होते. बंदिवासातून सुटलेले लोक आपल्याच भावांना बंदीत टाकत होते! नहेम्या संतापला. त्याने सभा बोलावली, सर्वांसमोर जाब विचारला आणि शेते, मळे, घरे, व्याज सारे परत करायला लावले. तो स्वतः अधिकारी होता, पण अधिकाऱ्याला मिळणारा भत्ता त्याने घेतला नाही.

वचन मिळालेले लोकही वचनाला विसरू शकतात, हा यातला धडा आहे. भिंती बांधणे सोपे असते. भिंतींच्या आत एकमेकांशी कसे वागायचे हे कठीण असते.

वाढीबरोबर आलेली कुरकुर

नव्या करारात पाहू. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सुरुवातीला यरुशलेममधील ख्रिस्तसभा झपाट्याने वाढते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी सुमारे तीन हजार लोक सामील होतात. आणि ६व्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत, शिष्यांची संख्या वाढत असताना, कुरकुर सुरू होते. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहुदी विश्वासणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांना वगळले जाते.

कोणी मुद्दाम वगळले असे शास्त्र म्हणत नाही. बहुधा वाटणारे स्थानिक होते, त्यांना आपल्या ओळखीच्या विधवा आधी आठवत होत्या आणि परमुलुखातून आलेल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या म्हाताऱ्या मागे राहत होत्या. वाईट हेतू नसतानाही अन्याय होऊ शकतो. दोरी लांब केली नाही तर तो आपोआपच होतो.

बारा प्रेषितांनी काय केले? तुम्ही बाहेरचे आहात, मिळते त्यात समाधान माना, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले आणि सात माणसे निवडायला सांगितले. ती सातही नावे ग्रीक आहेत. त्यांतला एक, अंत्युखियाचा निकलाव, तर जन्माने यहुदीही नव्हता. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच भाषेच्या माणसांकडे त्यांनी सर्वांच्या वाटपाची जबाबदारी दिली! नवी पट्टी छताला शिवली गेली. त्या सातांमधला स्तेफन पुढे पहिला रक्तसाक्षी झाला आणि फिलिपने शुभवर्तमान शोमरोनापर्यंत नेले. सातव्या ओवीत संत लूक सांगतो की यानंतर देवाचे वचन पसरत गेले आणि शिष्यांची संख्या फार वाढली. कुरकुर ऐकून घेतली म्हणून ती पुढची वाढ झाली.

ख्रिस्तसभेची शिकवण

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र दस्तऐवज दिला. ख्रिस्तसभेचे कार्य फक्त धर्मगुरू आणि धर्मभगिनींचे नाही. स्नानसंस्कार झालेल्या प्रत्येकाचा त्यात वाटा आहे, ही त्यातील मुख्य शिकवण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली संपूर्ण ख्रिस्तसभेत सिनडची वाटचाल सुरू केली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यासाठी निघालेल्या दस्तऐवजाचे शीर्षकच यशयाच्या ५४व्या अध्यायातील दुसऱ्या ओवीतून घेतले होते आणि त्यात कनात, दोऱ्या आणि मेखा यांवर मनन केले होते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सिनडचा अंतिम दस्तऐवज आला. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस देवाघरी गेले. त्यांनी दाखवलेले काम मात्र प्रत्येक धर्मग्रामात अजून व्हायचे आहे.

आपल्या वसईच्या भूमीला हे नवे नाही. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया येथून दूर जपानमध्ये गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाले. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून आपला वसई धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हाही एक तंबू वाढून दुसरा उभा राहिला. आपण जेथे बसून मिस्सा ऐकतो ती जागा कोणीतरी आपल्यासाठी वाढवलेली आहे.

आपला तंबू

आता आपल्या धर्मग्रामाकडे वळू. आपल्याकडे दोन गोष्टी एकाच वेळी घडत आहेत. जुन्या वाड्यांमध्ये घरे रिकामी होत आहेत. मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली आहेत. ओट्यावर आजी-आजोबा तेवढे उरले आहेत. आणि स्टेशनच्या बाजूला नव्या इमारतींत कॅथलिक कुटुंबे राहायला येत आहेत : कोणी केरळचे, कोणी तामिळनाडूचे, कोणी गोवा-मंगळूरचे, कोणी झारखंडचे, कोणी डहाणू-तलासरीकडचे आदिवासी बांधव. एका बाजूला आपण म्हणतो, आपण कमी होत चाललो. दुसऱ्या बाजूला बाकावर शेजारी बसलेल्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते.

गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट लिहायला आम्हांला संकोच वाटतो, पण लिहिली पाहिजे. आपल्या हद्दीतील एका इमारतीत एक गृहस्थ रात्री अचानक वारले. कुटुंब परप्रांतातून आलेले होते. कोणाला फोन करावा हे त्यांच्या पत्नीला कळेना. आपल्या वॉर्डाच्या प्रमुखाचा नंबर तिच्याकडे नव्हता आणि तिचे नाव आपल्या वहीत नव्हते. शेजारच्या मुस्लीम कुटुंबाने डॉक्टरला आणले, रात्रभर सोबत केली आणि सकाळी तेच चर्चमध्ये निरोप घेऊन आले. दुपारच्या अंत्यविधीला फादर होते, घरची माणसे होती, इमारतीतील शेजारी होते. आपल्या धर्मग्रामातील माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत आपल्यापेक्षा शेजारीच जास्त होते.

नंतर आम्ही त्या ताईंना भेटायला गेलो. त्यांनी तक्रार केली नाही. चहा दिला. एवढेच म्हणाल्या की सहा वर्षे आम्ही याच चर्चमध्ये मिस्साला येतो, पण मागच्या बाजूला उभे राहतो. एकदा पुढच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा ती जागा दुसऱ्या कोणाची आहे असे सांगून उठवले होते.

ते सांगणारे कोण होते हे आम्ही शोधले नाही. ते आपल्यापैकी कोणीही असू शकतात. खुद्द आम्हीही त्या सहा वर्षांत त्यांना कधी नाव विचारले नव्हते. त्या शेजाऱ्यांनी अब्राहामाचे काम केले. वचन मिळालेले आपण मात्र तंबूच्या दाराशी नव्हतो.

बंधू-भगिनींनो, आपण देवाकडे वाढ मागतो. सणाच्या नवेनामध्ये मागतो, कुटुंबासाठी मागतो, धर्मग्रामासाठी मागतो. ती वाढ कदाचित देवाने देऊन ठेवली आहे. ती मागच्या दाराजवळ उभी आहे आणि मिस्सा संपल्यावर गुपचूप घरी जात आहे. रिकाम्या होत चाललेल्या वाड्यांना देवाने उत्तर दिलेले नाही, असे आपण समजतो. ते उत्तर वेगळ्या भाषेत बोलते म्हणून आपण ते ओळखले नसेल.

या आठवड्यासाठी

अभ्यास कृतीत उतरला नाही तर तो वहीतच राहतो. म्हणून प्रत्येक कुटुंबाने पुढील तीन गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे.

१. आज मिस्सा संपल्यावर लगेच स्कूटरकडे जाऊ नका. ज्यांचे नाव ठाऊक नाही अशा एका कुटुंबाशी बोला, नाव विचारा, कुठे राहतात ते विचारा. त्यांची मराठी मोडकी असेल तर हसू नका. आपली हिंदीही तशीच असते.

२. आपल्या इमारतीत किंवा गल्लीत राहणाऱ्या नव्या कॅथलिक कुटुंबाची माहिती वॉर्ड प्रमुखांना द्या आणि वॉर्ड प्रमुखांचा नंबर त्या कुटुंबाला द्या. वाडीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठीही हेच करा. दोरी दोन्ही टोकांनी बांधावी लागते.

३. घरात संध्याकाळी रोजरीनंतर यशया ५४ मधील काही ओव्या वाचा. मेख घरातच ठोकायची आहे.

लघु ख्रिस्ती समूहांच्या सभेत पुढील प्रश्नांवर चर्चा करावी :

- आपल्या समूहात मागील पाच वर्षांत किती नवी कुटुंबे आली? त्यांतील कोणाकडे वाचनाची, गायनाची किंवा दुसरी एखादी जबाबदारी आहे?
- आपल्या धर्मग्रामात आज कोणाच्या विधवा वाटपातून राहून जात आहेत?
- आपण कोणती मेख सैल होऊ दिली आहे?

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, तू मूल नसलेल्या सारेला हसवलेस आणि ओसाड नगरीला गाणे दिलेस. आमच्या धर्मग्रामाला तू माणसे दिलीस, ती ओळखण्याची नजर आम्हांला दे. आम्ही आखडलेले हात सैल कर. आमच्या दोऱ्या लांब कर आणि आमची श्रद्धा खोलवर रुजव. जे मागे उभे आहेत त्यांना आम्ही पुढे बोलवावे आणि जे एकटे आहेत त्यांच्या दारी आम्ही जावे, अशी कृपा कर. तुझा सेवक आणि आमचा प्रभू येशू ख्रिस्त ह्याच्या नावाने आम्ही हे मागतो. आमेन.